धार्मिक विधी नकोत, मग निरोप द्यायचा कसा?

निधनवार्तेच्या शेवटी हल्ली अधूनमधून एक ओळ वाचायला मिळते : ‘दिवंगतांच्या इच्छेनुसार कोणतेही धार्मिक विधी होणार नाहीत.’ काय होणार नाही ते वाचणाऱ्याला कळतं, काय होणार आहे ते कळत नाही. जायचं का? किती वाजता? तिथं जाऊन करायचं काय? ज्या घरातून ही ओळ छापायला गेली, तिथं तर बहुतेकदा याहून मोठा गोंधळ असतो. आई किंवा वडील आयुष्यभर ‘माझ्यामागे काही करू नका’ म्हणत आलेले असतात. मुलांना ती इच्छा मनापासून पाळायची असते. पण ‘काही करू नका’ एवढ्या शब्दांवर तो दिवस कसा काढायचा, हे कुणीच सांगून गेलेलं नसतं.

या लेखात मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. विधी वगळणं हा एका वाक्याचा निर्णय आहे, पण त्यामुळे मोकळी होणारी जागा विचार करून भरावी लागते. ती तशीच रिकामी सोडली तर मागे राहिलेल्यांना निरोप दिल्यासारखं वाटत नाही, आणि मग त्याचा दोष विधी न करण्याच्या निर्णयावर येतो.

विधी कोणती कामं करत होते?

धर्म कोणताही असो, अंत्यविधी एखाद्या छापील अर्जासारखा असतो. रकाने आखलेले असतात. नाव, नातं आणि तारीख भरली की काम होतं. विधी नकोत म्हटलं की हातात कोरा कागद येतो आणि रकाने आपल्यालाच आखावे लागतात. त्यासाठी जुन्या अर्जात कोणते रकाने होते, ते आधी नीट पाहायला हवं.

विधी क्रम लावून देतात. घरात कुणालाच काही सुचत नसतं, तेव्हा ‘आता हे, मग ते’ सांगणारं कुणीतरी असतं. ते शब्दही पुरवतात. घशातून आवाज फुटत नसताना शेकडो वर्षांचे तयार शब्द उपयोगी पडतात, अर्थ कळला नाही तरी. शोकाला ते मुदत घालून देतात : यहुदी परंपरेत सात दिवस, हिंदूंमध्ये दहा ते तेरा दिवस, ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांमध्ये चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना. एवढ्या दिवसांनी घर पुन्हा हळूहळू चालू लागतं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं.

आणखी एक काम आहे, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. विधी हातांना काही करायला देतात : पाणी घालणं, माती टाकणं, मेणबत्ती लावणं, खांदा देणं. विधीविना झालेल्या एखाद्या निरोपाला गेला असाल तर आठवून बघा. लोक गोल करून उभे असतात. कुणाचे हात पाठीमागे बांधलेले, कुणाचे छातीशी. कुणी मोबाईल काढतो आणि लगेच लाजून खिशात ठेवतो. ‘आता निघायचं का?’ हा प्रश्न सगळ्यांच्या चेहऱ्यावर असतो आणि तो विचारायला कुणी धजत नाही. त्या माणसांच्या दुःखात काहीच कमी नसतं. दुःख व्यक्त करायला त्यांना वाट मिळालेली नसते, एवढंच.

देहाची व्यवस्था आणि निरोप, ही दोन कामं आहेत

नियोजनात सगळ्यात उपयोगी पडते ती ही फोड. देहाची व्यवस्था म्हणजे दहन, दफन किंवा देहदान. तिला घाई असते, कागदपत्रं लागतात, आणि घरातल्या दोन-तीन शांत डोक्याच्या माणसांनी ती हाती घेतलेली बरी. निरोपाला तशी घाई नसते. तो त्याच दिवशी झाला पाहिजे, देहाच्या समोरच झाला पाहिजे, असं काही नाही.

ही आधुनिक माणसाची पळवाट आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला मानववंशशास्त्राचा दाखला देता येईल. रॉबर्ट हर्ट्झ या फ्रेंच अभ्यासकाने १९०७ मध्ये बोर्निओ बेटावरच्या दायक समाजाच्या चालीरीतींवर एक निबंध लिहिला. त्या समाजात देह आधी तात्पुरता ठेवला जाई आणि शेवटचा मोठा समारंभ बऱ्याच काळाने होई. मृत्यू ही क्षणात संपणारी घटना नाही, समाजाला तो पचवायला वेळ लागतो, हे हर्ट्झ यांचं म्हणणं आजही पटण्यासारखं आहे.

म्हणून माझा सल्ला असा : त्या दिवशी जवळच्या माणसांपुरता, वीस मिनिटांचा, अगदी साधा निरोप ठेवा. सविस्तर स्मृतिसभा एक-दोन आठवड्यांनी घ्या. तोवर लांबची माणसं पोचतात, जुने फोटो सापडतात, बोलणाऱ्यांचा आवाज थोडा स्थिर होतो. देहदान असेल तर ही फोड जवळजवळ अटळच असते, कारण देह लवकर पोचवायचा असतो. एक सावधगिरी मात्र हवी. शवविच्छेदन झालं असेल किंवा काही संसर्गजन्य आजार असतील, तर वैद्यकीय महाविद्यालयं देह नाकारू शकतात. देहदानाचा अर्ज भरलेला असला, तरी दुसरा पर्याय घरात बोलून ठेवलेला असावा.

सूत्रं कुणाच्या हाती?

एकाच माणसाच्या. पुरोहित, पाद्री किंवा मौलवी नसले, तरी ‘आता आपण दोन मिनिटं शांत उभे राहू’ असं ठामपणे सांगणारं कुणीतरी लागतंच. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांत हे काम शिकून करणारे लोक असतात. त्यांना ‘सेलिब्रंट’ म्हणतात. हा माणूस आधी कुटुंबाला भेटतो, गेलेल्या व्यक्तीबद्दल ऐकून घेतो, संहिता लिहितो आणि कार्यक्रम चालवतो. ऑस्ट्रेलियात १९७३ मध्ये तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल लायनेल मर्फी यांनी लग्नांसाठी असे नागरी सेलिब्रंट नेमायला सुरुवात केली, आणि पुढे लोक त्यांना अंत्यसंस्कारांसाठीही बोलावू लागले.

सेलिब्रंट मिळत नसेल तर घराशी जवळचा, पण दुःखाने पुरता कोलमडलेला नाही असा माणूस शोधा. मित्र, शेजारी, ऑफिसातला जुना सहकारी, कुणीही चालेल. मुलगा-मुलगी किंवा जोडीदारावर हे काम टाकू नये असं मला आग्रहाने वाटतं. त्यांना त्या दिवशी फक्त शोक करायला मोकळीक मिळाली पाहिजे.

वीस मिनिटांचा आराखडा

समजा, दहनापूर्वीचा छोटा निरोप आहे. सूत्रधार पुढे येऊन पहिल्याच वाक्यात तीन गोष्टी सांगतो : आपण कुणासाठी जमलो आहोत, इथे धार्मिक विधी होणार नाहीत ही त्यांचीच इच्छा होती, आणि पुढची वीस मिनिटं काय होणार आहे. हे तिसरं फार महत्त्वाचं. काय होणार ते कळलं की जमलेल्यांच्या अंगावरचा ताण उतरतो.

मग गेलेल्या व्यक्तीच्या आयुष्याबद्दल पाच-सात मिनिटं. त्यानंतर त्यांना आवडणारी एखादी कविता, पत्रातला उतारा किंवा गाणं. गाणं लावायचं असेल तर ते फोनमध्ये आधी उतरवून ठेवा. ऐन वेळी इंटरनेट रुसलं किंवा मध्येच जाहिरात वाजली, तर त्या घरातल्यांना तो क्षण कायमचा आठवत राहतो. मग शांतता. ‘थोडा वेळ’ असं न म्हणता ‘एक मिनिट’ म्हणा आणि सूत्रधाराने घड्याळ बघून ते संपवावं. ज्यांना मनातल्या मनात प्रार्थना करायची आहे त्यांनी ती करावी, असं याच वेळी मोकळेपणाने सांगता येतं.

शेवटी हातांचं काम. एकेकाने पुढे यावं आणि फूल ठेवावं, किंवा कपाळाला, हाताला स्पर्श करावा, किंवा चिठ्ठी ठेवावी. यातलं एकच निवडा. रांग कुठून सुरू होऊन कुठं संपणार, ते आधी ठरवा आणि पहिला माणूसही ठरवून ठेवा, कारण पहिला पुढे झाला की बाकीचे आपोआप येतात. शेवटचं वाक्य सूत्रधाराचं, आणि ते स्पष्ट असावं : ‘आता आपण त्यांना निरोप देत आहोत.’ देह आत नेताना नुसती हालचाल आणि कुजबुज उरली, तर तो क्षण निसटतो. त्या वेळी सगळ्यांनी उभं राहावं, कुणीतरी नाव घ्यावं. माझ्या मते अख्ख्या कार्यक्रमात नेमका ठरवून ठेवायचा क्षण हाच.

अनेक दहनगृहांत वेळ मोजून मिळतो. बोलणारे चार असतील आणि वेळ वीस मिनिटं असेल, तर तिघांना नंतरच्या सभेत बोलायची विनंती करणं हाच शहाणपणा.

बोलायचं काय?

‘ते फार प्रेमळ होते, सर्वांना मदत करायचे, त्यांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली आहे.’ ही वाक्यं खोटी नसतात, पण ती कुणाहीबद्दल म्हणता येतात. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुणीच उभं राहत नाही. त्याऐवजी हे ऐका : ‘पेन्सिल बोटभर उरली तरी त्या टाकायच्या नाहीत. जुन्या स्केचपेनचं टोपण तिच्या मागे बसवायच्या आणि आणखी महिनाभर तिनेच हिशेब लिहायच्या. वहीत शेवटी नेहमी एक ओळ असायची, ‘उरलेले’, आणि पुढे ज्याला ते द्यायचे त्याचं नाव.’ काटकसर आणि माया, दोन्ही शब्द न उच्चारता दोन्ही कळतात.

अशा गोष्टी गोळा करायचा सोपा मार्ग म्हणजे घरातल्या वेगवेगळ्या पिढ्यांतल्या चार-पाच जणांना एकच प्रश्न विचारायचा : ‘त्यांच्या हातात नेहमी काय असायचं?’ स्वभाव कसा होता असं विचारलं की विशेषणं मिळतात, हातात काय असायचं विचारलं की माणूस मिळतो. भाषण लिहूनच काढा. पाचशे शब्द वाचायला साधारण पाच मिनिटं लागतात, आणि रडू आवरत वाचताना सात. कागदाची दुसरी प्रत सूत्रधाराकडे असू द्या, म्हणजे बोलणाऱ्याला पुढे जाणं अशक्य झालं तर उरलेलं वाचून पुरं करता येईल.

दोषही सांगावेत का? गेलेला माणूस रागीट होता, दारू पीत होता, मुलांशी वर्षानुवर्षं बोलत नव्हता. धार्मिक विधी या बाबतीत सगळ्यांना समान वागवतो, त्यात चरित्र येत नाही. निधर्मी निरोप मात्र चरित्रावरच उभा असतो, त्यामुळे इथे पंचाईत होते. उणीदुणी काढू नयेत, पण न घडलेला गोडवाही गाऊ नये. ‘त्यांच्याबरोबर राहणं नेहमी सोपं नव्हतं’ एवढं एक खरं वाक्य, ज्यांना सोसावं लागलं त्यांना फार मोठा आधार देतं.

‘हे फक्त नास्तिकांसाठी असतं ना?’

नाही. फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगो २२ मे १८८५ रोजी गेले. चर्चच्या प्रार्थना त्यांनी लेखी नाकारल्या होत्या आणि गरिबांच्या शववाहिकेतून आपल्याला न्यावं असंही लिहून ठेवलं होतं. पण त्याच लेखात देवावर आपला विश्वास असल्याचंही त्यांनी नोंदवलं आहे. त्यांना देव हवा होता, मध्यस्थ नको होते. आपल्याकडे महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला, त्याचीही भूमिका याच जातीची : निर्मिकाला मानायचं, पण त्याच्या आणि माणसाच्या मध्ये पुरोहित नको.

तेव्हा ‘विधी नकोत’ म्हणणाऱ्याला नेमकं काय नको आहे, हे विचारून घ्यायला हवं. देवाचं नावच नको, की पुरोहित नको, की खर्च आणि देखावा नको? तिन्हींची उत्तरं वेगळी आणि त्यानुसार कार्यक्रमही वेगळा. देखावा नको असणाऱ्या माणसाला एक भजन चालेल, कदाचित आवडेलही. देवाचं नावच नको असणाऱ्याच्या निरोपाला तेच भजन म्हणणं त्याच्यावर अन्याय होईल.

‘पण घरातल्या श्रद्धाळू माणसांचं काय?’

हा आक्षेप सगळ्यात खरा आहे आणि तो तुच्छतेने उडवून लावणाऱ्यांबद्दल मला वाईट वाटतं. ऐंशी वर्षांच्या बहिणीला खरंच वाटत असतं की विधी झाले नाहीत तर भावाला गती मिळणार नाही. तिच्यासाठी तो वादाचा मुद्दा नसतो, भीती असते. तिच्याशी त्या दिवशी तर्क करायला जाऊ नये.

व्यवहारात उपयोगी पडतं ते असं : मुख्य कार्यक्रम गेलेल्या व्यक्तीच्या इच्छेप्रमाणेच, आणि ज्यांना प्रार्थना करायची आहे त्यांनी ती आपल्या घरी, आपल्या पद्धतीने, आपल्या मनःशांतीसाठी करावी. त्याला कुणी हरकत घेऊ नये, आणि त्यांनीही ती सगळ्यांवर लादू नये. ही वाटणी मृत्यूपूर्वी, शक्य असेल तर खुद्द त्या माणसाच्या तोंडून झालेली असेल, तर भांडणं फारच कमी होतात. ‘बाबांनी स्वतः आत्याला सांगितलं होतं’ या वाक्याचं वजन मुलांच्या कुठल्याही युक्तिवादाला नसतं.

परंपरेतली एखादी खूण ठेवली म्हणून निधर्मीपणा बाटतो, असंही मानू नये. जवाहरलाल नेहरूंनी १९५४ च्या मृत्युपत्रात आपल्यामागे धार्मिक विधी नकोत असं स्पष्ट लिहिलं होतं. मूठभर रक्षा गंगेत सोडावी, हेही त्याच मृत्युपत्रात आहे. त्यामागे धार्मिक भावना नाही, लहानपणापासूनचा त्या नदीचा लळा आहे, असा खुलासाही त्यांनी केला. उरलेली रक्षा विमानातून शेतांवर विखुरावी अशी त्यांची इच्छा होती. नदी तीच, अर्थ त्यांचा स्वतःचा.

‘कायद्याने चालतं का? आणि लेखी इच्छा पाळावीच लागते का?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक देशांत ‘हो’ असं आहे. कायद्याला मृत्यूचा वैद्यकीय दाखला हवा असतो, नोंदणी हवी असते आणि देहाची आरोग्याला बाधा न येणारी व्यवस्था हवी असते. भारतात मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. कोणते विधी झाले, याच्याशी त्या नोंदीचा संबंध नसतो. ही मोकळीक सगळीकडे पहिल्यापासून होती असं मात्र नाही. इंग्लंडमध्ये चर्चच्या आवारात अँग्लिकन म्हणजे तिथल्या अधिकृत चर्चच्या प्रार्थनेविना दफन करायला १८८० च्या कायद्याने मुभा मिळाली.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देशागणिक बदलतं. फ्रान्समध्ये १५ नोव्हेंबर १८८७ चा कायदा प्रत्येक सज्ञान माणसाला आपला अंत्यसंस्कार धार्मिक की नागरी हे ठरवण्याचा हक्क देतो, आणि ती इच्छा डावलणं तिथं गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये याच्या उलट. हेन्री क्रूकेन्डेन नावाच्या गृहस्थांनी आपल्या देहाचं दहन करण्याचं काम एलायझा विल्यम्स या मैत्रिणीवर लेखी सोपवलं होतं. घरच्यांनी त्यांना पुरलं. तिने दुसरीकडे दफन करायचं आहे असं सांगून देह उकरून घेण्याची परवानगी मिळवली, तो इटलीत मिलानला नेला, दहन केलं आणि खर्चासाठी दावा लावला. १८८२ मध्ये ती हरली. मृतदेह ही कुणाची मालमत्ता नसते, त्यामुळे तो मृत्युपत्राने कुणाला देता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. हे तत्त्व तिथं आजही चालतं. निर्णय मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाचा असतो.

नेहरूंच्या बाबतीत रक्षेची इच्छा पाळली गेली, पण २८ मे १९६४ चं दहन मात्र धार्मिक विधींनीच झालं. पंतप्रधानांची लेखी इच्छा जिथं पूर्ण पाळली गेली नाही, तिथं आपल्या चिठ्ठीच्या भरवशावर किती राहायचं, याचा ज्याने त्याने विचार करावा. कागद हवाच. पण कागदामागे उभं राहणारं, नातेवाइकांच्या दबावाला न बधणारं माणूस त्याहून जास्त हवं.

‘मुलांना न्यावं का?’

न्यावं, त्यांची इच्छा असेल तर. आधी काय दिसेल, मोठी माणसं रडतील, देह कुठं नेला जाईल, हे सरळ शब्दांत सांगावं. ‘झोपलेत’, ‘गावाला गेलेत’ असं सांगितलं की लहान मुलं ते शब्दशः घेतात आणि झोपायला घाबरू लागतात. ‘मेले म्हणजे शरीर काम करायचं थांबलं, ते पुन्हा सुरू होणार नाही आणि त्यांना आता दुखत नाही,’ एवढं पुरतं. चित्र काढून ठेवायला सांगितलं तर बहुतेक मुलं आनंदाने काढतात.

‘हे सगळं कोरडं वाटत नाही का?’

नीट न आखलेलं कोरडंच वाटतं. त्यातही कार्यक्रम झाला आणि सगळे पांगले, की पुढच्या दिवसांत जे रितेपण येतं ते विधीविना घरांना जास्त जाणवतं, कारण ठरलेले दिवस नसतात, लोक कधी यायचं ते ठरवू शकत नाहीत आणि शेवटी येतच नाहीत. म्हणून मुदतीचा रकानाही आपणच भरावा. ‘पुढच्या रविवारपर्यंत रोज संध्याकाळी सहा ते आठ आम्ही घरी आहोत’ असं कळवावं. स्मृतिसभेची तारीख निधनवार्तेतच द्यावी. ‘धार्मिक विधी होणार नाहीत’ या ओळीला लागूनच ‘अमुक वाजता, अमुक ठिकाणी आपण सगळे मिळून निरोप देऊ, एक फूल आणि त्यांची एखादी आठवण लिहून आणावी’ अशी ओळ छापली, तर वाचणाऱ्यांच्या बहुतेक शंका तिथंच मिटतात. जमलेल्या आठवणींच्या चिठ्ठ्या घरच्यांना पुढे महिनोन्‌महिने पुरतात.

स्वतःसाठी काय लिहून ठेवावं?

एक पान पुरे. दहन, दफन की देहदान, आणि ते जमलं नाही तर काय. नेमकं काय नको आणि काय चालेल. सूत्रधार म्हणून दोन नावं, दुसरं नाव पहिला माणूस नसला तर. एक गाणं किंवा कविता. कळवायच्या माणसांची यादी, फोन क्रमांकांसह. रक्षेचं काय करायचं. बाकी सगळं मागे राहणाऱ्यांवर सोडावं, कारण कार्यक्रम त्यांच्यासाठीही आहे. ‘काही करू नका’ असं लिहायचा मोह झाला, तर त्याऐवजी ‘हे करू नका, पण एकत्र मात्र या’ असं लिहावं.

हे पान मृत्युपत्रात अडकवून ठेवू नये. मृत्युपत्र अनेकदा अंत्यसंस्कार उरकल्यावरच उघडलं जातं. तारीख आणि सही करून एक प्रत सूत्रधाराकडे, एक घरात सगळ्यांना माहीत असलेल्या ठिकाणी आणि तिचा फोटो मुलांच्या फोनमध्ये असावा. त्यातला जो निर्णय सगळ्यात जास्त खटकणार आहे, तो ज्यांना खटकेल त्यांना स्वतः भेटून सांगावा.